काळ्या तबकडीचं घड्याळ

हे घडलेलं आहे. पुरावा म्हणून दाखवण्यासारखं फक्त एक घड्याळ आहे. बाकी ऐकणाऱ्यानं ठरवावं.

अशा गोष्टींत रात्र असते, अमावस्या असते. यात दोन्ही नाही. सगळं संध्याकाळच्या उजेडात घडलं, दिवे लागायच्या आधी. सन २०१६, मे महिना. तेलगाव, जिल्हा बीड.

त्या वर्षी ऊसच नव्हता. सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, त्यामुळं भोंगाही वाजला नाही. भोंग्यावर चालणारं गाव आता टँकरच्या हॉर्नवर चालत होतं.

मनकर्णा बीडहून आईला न्यायला आली होती. वडील आबासाहेब, तिचे अण्णा, माघात गेले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि सत्यभामाबाई त्या घरात एकट्या राहिल्या. निघायचं नावच काढत नव्हत्या.

आबासाहेब कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांना शौक एकच. जुनी स्विस मनगटी घड्याळं. तीही दोन बटणांची, क्रोनोग्राफ. वरचं बटण दाबलं की लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की शून्यावर येतो. हैदराबादच्या जुन्या बाजारातून, निवृत्त फौजी माणसांच्या घरांतून त्यांनी ती एकेक करून जमवली. मनकर्णाच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलेला हा माणूस घड्याळ घेऊनच परतला होता.

त्यांतलं काळ्या तबकडीचं त्यांचं फार लाडकं. तिच्या कडेला किलोमीटरचे आकडे. ते तोफखान्यासाठी बनवलेलं. शत्रूच्या तोफेचा उजेड दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की थांबवायचं. काटा सांगणार, तोफ किती लांब आहे.

आबासाहेबांनी ते आभाळातल्या विजेवर लावलं.

दुष्काळाच्या वर्षांत ते संध्याकाळी गच्चीवर उभे राहायचे. क्षितिजावर लखलखलं की दाबायचे. गडगडलं की थांबवायचे. खालून टँकरवाला शहादेव ओरडायचा, "साहेब, पाऊस कुठवर आला?"

"चौदा किलोमीटर. माजलगावच्या अंगाला."

"मग फाट्यावर उतरून च्या पीत असंल!"

सगळी गल्ली हसायची. आबासाहेबही हसायचे. मग काटा शून्यावर आणून घड्याळ डब्यात ठेवायचे. काटा असा मध्येच सोडून घड्याळ ठेवायचं नसतं, हा त्यांचा नियम. तो त्यांनी कधी मोडला नाही.

म्हणूनच पहिल्या संध्याकाळी मनकर्णानं डबा उघडला आणि ती थांबली.

कापसाच्या थरावर सगळी घड्याळं बंद पडलेली. माघापासून कुणी चावीच दिली नव्हती. काळ्या तबकडीचंही बंद. पण त्याचा लांब काटा…

अठरावर होता.

आजारपणात विसरले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. काटा शून्यावर आणला. डबा मिटला.

दुसऱ्या संध्याकाळी सत्यभामाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. एकदम मान वर करून म्हणाल्या, "गडगडलं का गं?"

आभाळ पांढरंफट्ट. ढगाचा मागमूस नाही.

"नाही, आई."

"मला आला की आवाज."

मनकर्णा आत गेली. का गेली ते तिला आजही सांगता येत नाही. तिनं डबा उघडला.

काटा अकरावर.

"आई, तू घड्याळाला हात लावलास?"

"मी कावून लावू? त्यांच्या हयातीत लावला न्हाई कधी."

मनकर्णानं काटा पुन्हा शून्यावर आणला. डबा लोखंडी कपाटात ठेवला. कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

तिसऱ्या संध्याकाळी ती मुद्दाम कान देऊन बसली. आवाज आला नाही. उलट होते ते आवाजही गेले. चिमण्या गप्प झाल्या. गल्लीतलं कुत्रं उठलं, मावळतीकडं बघत राहिलं, आणि शेपूट घालून टँकरखाली शिरलं.

तिनं कपाट उघडलं.

सहा.

कपाट उन्हानं तापलेलं होतं. बाकीची घड्याळं हाताला चटका देत होती. हे एकच गार होतं. आणि त्याचा चामडी पट्टा… ओला.

घामानं ओला. आत्ताच मनगटावरून काढल्यासारखा.

ती बाहेर आली तेव्हा सत्यभामाबाई अंगणात पाणी शिंपडत होत्या. टँकरचं पाणी.

"आई! पाणी कुठं आहे आपल्याकडं? हे काय करतेस?"

"माणूस लांबून यायलंय. दारात धूळ असावी का?"

"कोण यायलंय?"

सत्यभामाबाई नुसत्या हसल्या. माघानंतर पहिल्यांदाच.

"अण्णांना हे पटलं असतं का गं? भूतबित?" मनकर्णानं विचारलं.

"न्हाई पटलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मोजून यायलेत."

खरं सांगायचं तर मनकर्णालाही वाटलं, येऊ देत. वडिलांच्या शेवटच्या घटकेला ती बीडलाच राहिली होती. एस.टी. मिळाली नव्हती.

चौथ्या संध्याकाळी आईनं बाज अंगणाच्या मधोमध ओढली. गोधडी अंथरली. मावळतीकडं तोंड करून बसली. मनकर्णा शेजारी. शून्यावर आणलेलं घड्याळ तिच्या मुठीत होतं, अंगठा वरच्या बटणाजवळ. दाबलेला नव्हता. तिनं शपथेवर सांगावं इतका सुटा.

आणि बटण खाली गेलं.

आपोआप नाही. कुणीतरी दाबल्यावर जातं तसं. ठाम. सरावाच्या बोटानं.

काटा सुटला. बंद घड्याळाचा काटा…

टिक टिक टिक.

मनकर्णानं वर पाहिलं. अण्णांना काय दिसलं असेल? समोर कोरडं रान, त्यामागं कारखान्याची थंड चिमणी. बस. एवढंच.

बटण पुन्हा खाली गेलं. काटा थांबला.

दोन.

तेव्हा तिच्या लक्षात आलं.

बटण दाबायचं तर दाबणाऱ्याला आधी समोर काहीतरी दिसावं लागतं. घड्याळ इथं होतं. म्हणजे दाबणारा इथंच होता. पहिल्या दिवसापासून.

मग जवळ येत होतं ते कोण?

"आई," ती म्हणाली. "अण्णा येत नाहीत."

"असं कावून म्हणतीस गं?"

"अण्णा इथंच आहेत. आपल्यापाशी. ते मोजतायत आई. दुसरंच काहीतरी यायलंय, ते मोजतायत."

सत्यभामाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. मग मावळतीकडं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या.

"चल."

महिनोन्‌महिने उंबरा न सोडणारी ती बाई पायात चप्पलही न घालता निघाली. शहादेवचा रिकामा टँकर भरायला निघाला होता, त्याच्या केबिनमध्ये दोघी चढल्या. घाईत घड्याळ बाजेवरच राहिलं.

आठवड्यानं शहादेव बीडला आला. सोबत तुरीची डाळ, आणि रुमालात बांधलेलं घड्याळ.

"जयभीम काकी. तुमी तर साहेबांच्या पावसाला भिऊन पळाल्या की!"

कुणी हसलं नाही. त्याचाही चेहरा उतरला.

"ताई, एक सांगू का? तुमी गेल्यावर सकाळी मी बाज आत घ्यायला गेलतो. बाजेखालची जमीन वली होती. बाजेएवढीच. बाकी अंगणात थेंब न्हाई, गावात न्हाई."

"आईनं शिंपडलं होतं पाणी."

"ते आदल्या दिशी ना? ते कव्हाच वाळलं. ही वल ढोपरभर आत होती. म्या उकरून बघितलं." त्यानं गुडघ्याला हात लावून दाखवलं. "अन् वरची गोधडी कोरडी ठणठणीत."

मनकर्णानं रुमाल सोडला. काटा शून्यावर होता. तिनं शहादेवला विचारलं. तो म्हणाला, मी बटणाला हातच लावला नाही, मला ते कळतच नाही.

शून्य. म्हणजे ते येऊन गेलं. बाज रिकामी होती. ती कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेऊन स्वयंपाकाला लागली.

दिवेलागणीला बाल्कनीतून आईची हाक आली.

"मनकर्णे… गडगडलं का गं?"

घड्याळ टेबलावरच होतं. काटा अठरावर.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आकडा उतरत आला तसं दोघींनी दोनदा घर बदललं. आई अजून रोज संध्याकाळी विचारते, "कितीवर हाय?"

"लांब आहे," मनकर्णा सांगते. आकडा सांगत नाही. काटा शून्यावर आणते, घड्याळ डब्यात ठेवते.

घड्याळ उचललं की पट्टा रोज ओला लागतो. अण्णा असल्याची तिला तेवढीच खूण आहे. तो कोरडा लागला तर काय समजायचं, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.