चौथं मशीन

रविवारी दुपारी प्राची कोपरीच्या पतपेढीत गेली ती नुसत्या किल्ल्या बदलायला. लोखंडी किल्ल्या नव्हेत हो, पासवर्ड! तिसऱ्या मजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत कॉम्प्युटरची चार खरी मशीनं आणि त्यांच्या पोटात चाळीसेक आभासी, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरची. पतपेढीचा सगळा संसार त्यांतच. ती सगळी एकाच पडद्यावरून हाकायची, पण ती आजवर सांभाळणाऱ्या शिवराम सावंतांच्या नावाने. आणि सावंत तर गणपतीनंतर वारले. बायको नाही, मूल नाही. सुट्टीलाही डबा घेऊन तिथेच बसायचे. ते गेल्यावरही सगळे त्यांच्याच नावाने आत शिरत होते. चालतंय ना, मग कशाला हात लावा, ही आपल्याकडची रीतच.

प्राचीला मात्र आज हे उरकायचंच होतं. उद्या ती कायमची बंगळुरूला निघणार होती, आणि हे काम झाल्याशिवाय पतपेढीची मशीनं बघणारी तिची कंपनी तिला सोडत नव्हती. घरी आई गेल्यापासून ती एकटीच राहत होती. भिंतींशी बोलून कंटाळली होती बिचारी.

तिने अ‍ॅडमिनचं नवं खातं उघडलं. तीन मशीनं निमूट जोडली गेली. चौथं जोडलं जाईना. पासवर्ड बरोबर, वायर बरोबर, तरी नकार. पंख्यांची घरघर चालू होती, अंगावर गार वारा येत होता, आणि कुठून तरी सुक्या बोंबलाचा वास यायला लागला. मजल्यावर तर दुसरं कोणीच नव्हतं.

वॉचमन काळुराम चहा घेऊन आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. अडलंय कुठे ते तिने सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "दहाव्याला कावळा शिवत नाय, तवा काय करतो आपुन? काय तरी कबूल करा त्याला..."

प्राचीला हसू आलं नाही. आईच्या दहाव्याला कावळा असाच अडून बसला होता. शेवटी मामाने हात जोडून सांगितलं, पोरीला मी सांभाळतो. कावळा लगेच शिवला. त्यानंतर मामाचा एकदाही फोन नाही.

काळुराम खाली गेल्यावर ती पडद्याशी वाकून पुटपुटली, "सावंतकाका... तुमची मशीनं मी सांभाळते. मी आहे इथंच."

चौथं मशीन जोडलं गेलं.

तिला स्वतःचीच लाज वाटली. मामासारखीच धडधडीत थाप मारली होती तिने. तरी सावंतांचं नाव पुसलं, उद्यापासून येणाऱ्या माणसाला पासवर्ड कळवला, दिवे मालवले आणि खोलीला कुलूप घालून किल्ली काळुरामच्या हातात दिली.

संध्याकाळी घरी ती बॅग भरत होती, तेवढ्यात काळुरामचा फोन आला. अजून किती वेळ बसणार, गेट बंद करायचंय, असं विचारत होता.

"मी घरी आले, दादा. किल्ली नाही का दिली तुम्हाला..."

फोनमधून पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

"किल्ली माज्या हातातच हाय," तो कुजबुजला. "पन दाराखालून उजेड येतोय... मी दार वाजवलं, तर आतून तुमीच बोलल्या ना... काकांचं जेवण होऊ दे, मी आहे इथंच."