फिडलला वीज जोडली तेव्हा

व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावातल्या बसथांब्याला छप्पर होतं, पण पाऊस आडवा येत होता. थर्झाच्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, पेटीची कडी तुटलेली. पेटी छातीशी धरून ती समुद्राकडे पाठ करून उभी होती. शेजारच्या उंच माणसानं अंगातला मेणकापडी कोट काढला... आणि पेटीवर पांघरला.

"अहो, भिजतेय मी!" ती म्हणाली.

"तुम्ही वाळाल. लाकडाचं तसं नसतं."

"लाकडांचे डॉक्टर वाटतं?"

"होड्या बांधतो."

बस आली तेव्हा त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि थर्झाला हसू आवरत नव्हतं.

त्याचं नाव सिलास ब्राइड. शुक्रवारी तो तिला पुन्हा दिसला, पबच्या माडीवर. तिथे गावची मंडळी जमून जुनी गाणी म्हणत – खलाशांची, बुडालेल्या गलबतांची, फसवल्या गेलेल्या पोरींची. थर्झा गात होती. ध्रुवपद आलं, सगळ्यांनी सूर लावला, आणि त्या गलक्याखालून एक खोल आवाज अलगद तिच्या आवाजाला येऊन टेकला. तिनं वळून पाहिलं. मागच्या बाकावर सिलास. डोळे मिटलेले, स्वतःचा सूर ऐकायला एक हात कानाशी.

"न विचारता माझ्या गाण्यात शिरलात?" तिनं जिन्यात गाठून विचारलं.

"दार उघडं दिसलं..."

तो हिवाळा दोघांनी धक्क्यावर फिरण्यात घालवला. व्हिनेगर शिंपडलेले गरम चिप्स एकाच पुडीतून खायचे. त्याच्या बोटांना डांबराचा वास यायचा. तिला तो आवडायला लागला होता. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"हे दोघं गायला लागले की कोणी बिअरच मागत नाही," पबची मालकीण मिसेस पिकर्सगिल ओरडायची. "माझा धंदा बुडवणार! अरे, लग्न तरी करून टाका!"

थर्झा लाजायची. सिलास बुटांखालची फळी निरखायचा. जे काही बोलायचं ते तो गाण्यात बोलायचा. 

वसंतात लंडनहून बॅझिल नावाचा गिटारवाला आला. त्याला जुनीच गाणी हवी होती, पण ड्रम आणि विजेच्या गिटारीवर. त्यानं थर्झाच्या फिडलला विजेची एक तार जोडली, कपाटाएवढा स्पीकर सुरू केला. "ओढ एकदा."

तिनं गज ओढला. खिडकीच्या काचा थरथरल्या. गलबत बुडाल्याचं ते गाणं ती लहानपणापासून म्हणत होती. आज पहिल्यांदा त्यात समुद्र आला.

माडीवर चेष्टा सुरू झाली. "आता आजीबाईंच्या गाण्यालाही प्लग लावा!" सगळे हसले. फक्त सिलास हसला नाही.

ती त्याच्या कारखान्यात गेली. तो अर्धवट होडीशी वाकला होता.

"बॅझिल लंडनला बोलावतोय. जाऊ?"

"जा ना."

"आणि तू?"

"ही पुरी करायचीय..." त्यानं फळीवरचा भुसा फुंकला. ती थांबून राहिली. तो फुंकतच राहिला.

जूनमध्ये, लंडनला निघायच्या दिवशी, यॉर्कच्या मैदानावर थर्झा आणि बॅझिलचा दुपारचा कार्यक्रम होता. रिमझिम पावसात पोरं-पोरी नाचत होती. ध्रुवपद आलं आणि थर्झाला तो दिसला – तिसऱ्या रांगेत, हात कानाशी, ओठ हलत होते. तिनं कान टवकारले. ड्रम, गिटार, तिचं स्वतःचं फिडल... त्या आवाजात सिलास कुठेच नव्हता. क्षणभर ती चुकली. मग पुन्हा गज उचलला, आणि पुढचं गाणं तिनं भान हरपून वाजवलं.

मंचामागच्या चिखलात तो उभा होता, नवीन शर्ट घालून.

"छातीत धडधडलं बघ," तो म्हणाला. "छान वाजवतेस."

"तू गात होतास."

"ऐकू आलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण सिलासशी...

"नाही."

त्यानं मान हलवली. ओला हात शर्टाला पुसला, मग तिच्या गालावर आलेली बट मागे सारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"आज तुला लग्नाचं विचारणार होतो, थर्झा."

"होतास?"

"मग तुला तिथे वर पाहिलं. एवढी खूश तू माझ्याजवळ कधी दिसली नाहीस गं."

हे खोटं आहे, असं तिला ओरडून सांगायचं होतं. तिनं आठवून पाहिलं – धक्का, चिप्स, त्याचा आवाज. तेही सुख होतंच. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

पलीकडून बॅझिलनं व्हॅनचा हॉर्न दाबला. "चला बाई, लंडनला पोहोचायला उशीर होतोय!"

"विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली.  "व्हिटबीतच राहिले असते, सिलास."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणूनच नाही विचारलं."