आधी मास्तराले इचारा

“आमच्याकडं पाणी भरते. जुनी बाई आहे, विश्वासाची.”

चहाचे कप घेऊन कौसल्या उंबऱ्यावर आली होती, आणि हे वाक्य तिच्या नागोच्या तोंडून बाहेर पडलं! ज्या तोंडात तिनं आपल्या घासातला घास घातला, त्याच तोंडून! समोर नागोरावचे होणारे सासरे बसले होते, वर्ध्याला रेल्वेत कारकून; शेजारी सासूबाई. तिनं कप पुढं ठेवले. सासूबाईंनी तिच्याकडं दयेनं पाहिलं, पिशवीतून आपलं नेसून विटलेलं हिरवं लुगडं काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

“घे हो बाई, अजून वर्षभर टिकेल.”

कौसल्यानं ते घेतलं. तिनं नागोकडं पाहिलं... आता तरी बोलेल, आता तरी म्हणेल, ‘अहो, ही माझी वहिनी!’ नागोरावनं खाली मान घालून चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

लोक म्हणतात, सूड वाईट. म्हणोत! ज्यांच्या हातावर कधी कुणी जुनेर टाकलं नाही, त्यांनी खुशाल क्षमेची कीर्तनं करावीत.

कौसल्या लग्न होऊन या घरात आली तेव्हा नागो रांगत होता. सासू गेली, मागोमाग नवरा पटकीत गेला, आणि कळंबजवळच्या त्या खेड्यातल्या एका खोपटात एक तरुण विधवा आणि एक पोरकं पोर एवढेच उरले. राळेगावचा एक भला माणूस पाट लावायला तयार होता. अट एकच, पोराला मागं ठेवून यायचं. तो बोलत असताना नागो तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून उभा होता आणि ‘वयनीमाय, वयनीमाय’ करत होता. तिनं त्या माणसाला पाणी पाजलं आणि परत पाठवलं. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही, आणि आलं असतं तरी तिचं उत्तर तेच असतं! दिवसा लोकांचा कापूस वेचायचा, हंगामात यवतमाळच्या जिनात रुईची धूळ गिळायची, रात्री खोकत खोकत नागोच्या सदऱ्याला ठिगळ लावायचं... असा तो मास्तर झाला.

छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव तिनं स्वतः नदीत सोडले. नागोरावनं भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरात ‘शिका’ लिहिलं. तिला वाटलं, हे आपल्यालाही सांगितलंय! एका संध्याकाळी, चार माणसं ओट्यावर बसलेली असताना, लाजत लाजत ती म्हणाली, “नागो, मलेबी शिकवतं का?”

“वयनी, तुह्या गौऱ्या मसणात गेल्या. आता बाराखडी कायले? यमाले अर्ज लिवतं काय?”

चार माणसं हसली. तीही हसली. बाईला हसावंच लागतं.

पण लुगड्याच्या दिवशी ती हसली नाही. पाहुण्यांची पाठ फिरताच तिनं आपलं गाठोडं बांधलं आणि वस्तीच्या टोकाला, लिंबाखालच्या पडक्या खोपटात राहायला गेली. नागोराव तिला न्यायला आला नाही. ते लुगडं तिनं गाठोड्याच्या तळाशी ठेवलं. टाकून दिलं असतं तर राग निवला असता, आणि तिला राग निववायचा नव्हता.

पुढं लग्न होऊन आलेली नागोरावची बायको सत्यशीला मोठी सरळ पोरगी. विहिरीवर शेजारच्या इंदूबाईनं तिला खरं काय ते सांगितलं आणि ती भरली घागर तशीच टाकून कौसल्याच्या दारात आली.

“जाऊबाई, मला माहीत नव्हतं हो! मी आजच बाबांना लिहिते...”

“खबरदार लिवशीन त!” कौसल्या उसळली. “थ्यानं आपल्या तोंडानं सांगितलं पायजे. दुसऱ्याच्या तोंडचं मले नको.”

पोरगी पदरात तोंड लपवून रडू लागली. कौसल्यानं तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाली, “रडून काय व्हते? शिकवतं का मले? पण तुह्या नवऱ्याले सुगावा लागू देऊ नको.”

तेव्हापासून रोज दुपारी लिंबाखाली शाळा भरू लागली. सत्यशीला क कमळाचा सांगायची. कौसल्या मान हलवायची, “कमळ कोनं पाह्यलं वं? क कपटाचा.” ल लुगड्याचा. च चहाचा, जो तिनं दिला आणि त्यानं मुकाट्यानं प्यायला. न कुणाचा ते तिनं सांगितलं नाही. पण त्या अक्षराशी पाटीवर खडू मोडला. हळूहळू तिनं आपल्या बाराखडीला चाल लावली, आणि दळताना, वेचताना ती म्हणू लागली...

क कपटाचा गं बाई, ख खोकल्याचा,
ग गौऱ्यांचा माह्या, घ घराचा...

कापसाच्या ओळीत बाया आधी हसल्या, मग मागून म्हणू लागल्या, मग एकेक जण दुपारची लिंबाखाली येऊन बसू लागली. इंदूबाई तर नातवाची पाटी पळवून आणायची. “बुढ्यापनी चोरी कराले लावली वं कौसे तुनं!” संतापाच्या ठिणगीवर एवढ्या जणींची चूल पेटली, हे कौसल्याच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या अंतःकरणात फक्त एक सूड धुमसत होता, आणि तो वाट बघत होता.

मग गावोगावी साक्षरतेची मोहीम आली. नागोराव मास्तर गावाचा पुढारी झाला. गावातला एकही मोठा माणूस अडाणी राहिला नाही, तर साहेब येणार, सोहळा होणार, गावाला मान मिळणार! बायांचा वर्ग एव्हाना त्याला कळलाच होता; तो सत्यशीलेनं चालवला, असं तो सगळीकडं सांगत फिरला. त्या वर्गाच्या मुळाशी कोण होतं, हे त्यानं विचारलंही नाही.

सोहळ्याच्या दिवशी शाळेपुढं पताका लागल्या. खुर्च्यांवर साहेब, शेजारी खास वर्ध्याहून बोलावलेले सासरे आणि सासूबाई. फळ्यावर नागोरावच्या वळणदार अक्षरात ओळ होती. एकेकानं उठायचं आणि ती किंवा पुस्तकातली साहेब दाखवतील ती ओळ वाचायची.

इंदूबाईनं वाचलं, आणि वर म्हणाली, “साहेब, आता माह्या बुढ्याले सांगा, घरात कोन अडानी हाय थे!” सगळी शाळा हसली.

“कौसल्याबाई.”

ती उठली. अंगावर तेच हिरवं, विटलेलं लुगडं होतं. खुर्चीवरच्या सासूबाई पुढं वाकल्या; त्यांनी तो काठ ओळखला.

“वाचा बाई.”

कौसल्या उभी राहिली... गप्प.

सत्यशीलेचा चेहरा उतरला. कालच तर तिनं अडीच पानं घडाघडा वाचली होती!

नागोराव घाईघाईनं पुढं झाला. “साहेब, सोडा तिला. म्हातारी आहे, वय झालंय. नाही यायचं तिला.”

“सोडता कसं येईल मास्तर? एक राहिला तरी गाव राहिलं.”

मागून इंदूबाईनं तिचा पदर ओढला. “वाच ना वं कौसे! येते ना तुले! आमी कायले इतल्या मरमर मेलो?” बाकीच्या बायांच्या डोळ्यांत पाणी होतं. कौसल्याचं काळीज चिरलं. एका माणसाच्या सुडापायी या साऱ्याजणींचा मान जाणार होता, आणि हे तिला कळत होतं. तरी ती ठाम उभी राहिली.

“साहेब, आंधी मास्तराले इचारा, मी थ्याची कोन होय. मंग वाचतो.”

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी सासऱ्यांकडं पाहिलं.

“ती... गावातली एक वडीलधारी बाई आहे, साहेब.”

कौसल्या खाली बसली. “मंग मले वाचता येत नाई.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते उठले. पताका फडफडत होत्या. नागोरावनं बायकोकडं आधारासाठी पाहिलं. सत्यशीलेनं तोंड फिरवलं. त्यानं बायांकडं पाहिलं. मघा हसणाऱ्या त्या साऱ्याजणी आता दगडासारख्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या नजरा कौसल्यावर नव्हत्या, त्याच्यावर होत्या! आणि त्यांच्या मधोमध ते लुगडं, काठाशी झिजलेलं... असाच एक काठ त्यानं कधीतरी मुठीत धरला होता.

“थांबा साहेब!” त्याचा आवाज चिरकला. “ती... माझी वयनीमाय आहे.”

“मोठ्यानं सांग,” कौसल्या म्हणाली. “मांगं ऐकू गेलं नाई.”

“माझी वयनीमाय आहे!” तो ओरडला, आणि मग बांध फुटावा तसा बोलत गेला. “माझ्यापायी हिनं पाट लावला नाही. माझ्यापायी जिनात छाती जाळली. आणि मी... मामासाहेब, मी तुम्हाला खोटं सांगितलं. पाणी भरणारी नाही ही. हिच्यामुळं मी आहे!”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सासरे उठून हात जोडून उभे राहिले.

कौसल्याच्या आत दाबून ठेवलेलं वात्सल्य उकळत्या दुधासारखं वर आलं. तिला त्याचाही राग आला! ती उठली, आणि फळ्यावरची ओळ तिनं एकेका अक्षरावर पाय रोवावा तशी वाचली:

“आमचे... गाव... साक्षर झाले.”

बायांनी टाळ्या पिटल्या. इंदूबाई तर तिच्या गळ्यातच पडली.

“साहेब, आनखी एक,” कौसल्या म्हणाली. “तुमी जासान, पताका निघतीन, अन् मंग सारं इसरतीन. उद्यापासून बायाइचा वर्ग याच शाळेत भरन. मी घेईन. मास्तरानं चावी द्यावी.”

नागोरावनं चावी दिली.

संध्याकाळी तो लिंबाखाली आला. “वयनीमाय, घरी चाल. चुकलो मी.”

“गौऱ्या मसणात गेलेल्या बुढीले कायले नेतं घरी? आता फुरसत नाई मले.”

“मंग मी काय करू? सांग तू.”

तिनं आपलं जुनं लुगडं नेसलं होतं. ते हिरवं बाहेर आणून तिनं दातांनी काठ फोडला आणि टरकन फाडलं. पुन्हा फाडलं. बायांच्या पाट्या पुसायला फडकी झाली. एक मोठा तुकडा तिनं त्याच्या हातावर ठेवला, तिच्या हातावर ठेवला गेला होता तसाच.

“उद्या वर्गात ये. फळा पुसाले मानूस लागते.”

दुसऱ्या दिवशी बाया येण्याआधी नागोराव मास्तर शाळेत आला. कौसल्या खुर्चीवर बसली होती. त्यानं फडकं भिजवलं आणि कालची आपलीच ओळ पुसू लागला. खडूची पांढरी धूळ त्याच्या डोळ्यांत गेली की काय, तो मधेच थांबला आणि त्याच फडक्यानं डोळे टिपू लागला.

“थ्यानं नको पुसू, डोये खराब व्हतीन,” ती म्हणाली आणि आपला पदर पुढं केला.

त्यानं डोळे पुसले. पदर हातातून सोडवेना.

“झालं ना? आता सोड,” कौसल्या म्हणाली. “अन् थो कोपरा राह्यला. नीट पूस.”