अजून फेस नाही

दुकानात मोड आलेल्या सातूचं शेवटचं पोतं उरलं होतं. सुन्निवाने त्याला हात घातला, तेव्हा दुसऱ्या टोकाला आधीच एक हात होता. हाल्वर... फिओर्डच्या खाडीच्या पलीकडच्या काठचा, वर्षातले आठ महिने जहाजावर असणारा.

"नाताळची बिअर? तू करणार?" त्याने विचारलं.

बाबा गेल्यापासून घरात बिअर झालीच नव्हती, तिने सांगितलं. बिअर आंबवायचं त्यांचं खमीर सात वर्षं कापडावर वाळून पडलं होतं, आणि गावात दुसऱ्या कुणाकडेच ते उरलं नव्हतं. यंदा जागं झालं नाही, तर पणजोबांपासून चालत आलेलं सगळं संपलं. हाल्वरने पोतं सोडलं. तिचा पिच्छा मात्र सोडला नाही. दुसऱ्याच दिवशी होडी घेऊन दारात हजर.

जुनं खमीर एकदम पिंपात टाकायचं नाही, तो म्हणाला. आधी बरणीत, सातूच्या कोमट गोड पाण्यात, थोडं थोडं. पाणी किती कोमट ते बघायला त्याने बरणीला हात लावला. तिचा हात तिथेच होता... दोघांनीही काढायची घाई केली नाही. मग बरणी लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून चुलीशेजारी ठेवली.

पहिला दिवस कोरडा गेला, दुसराही. तो यायचा, बरणीत डोकावायचा, कॉफी प्यायचा आणि पावसात वल्हवत परत जायचा. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीशी उभी राहायची. लाज वाटावी अशी गोष्ट, पण खमीर उठूच नये असं तिला वाटू लागलं होतं. उठलं की तो कशाला येईल?

तिसऱ्या सकाळी बरणीत बोटभर फेस होता. बाबाच घरात आल्यासारखं वाटून तिला रडू फुटलं. आणि लगेच तिने ती बरणी तळघरात लपवली, दुसरीत नुसतं गोड पाणी भरलं.

"अजून फेस नाही," तिने त्याला सांगितलं.

घरभर संत्र्याच्या सालीसारखा वास सुटला होता. हे खमीर जागं झालं की असाच वास येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? तरी त्याने गंभीरपणे बरणीत पाहिलं.

"उद्या बघू. मला काही घाई नाही."

पण खमिराला होती. चौथ्या दिवशी बरणीतला गोडवा संपून फेस खाली बसला, आणखी उपाशी ठेवलं तर खमीर मेलं असतं. सुन्निवाने तळघरातली बरणी आणून हाल्वरपुढे ठेवली.

"मी खोटं बोलले. हे कालच उठलं होतं."

"माहितेय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कॉफी द्यायची बंद केली असतीस."

ताजं गोड पाणी मिळताच खमीर पुन्हा उसळलं. ते पिंपात ओतताना तिथल्या रीतीप्रमाणे आरोळी ठोकायचीच असते. हाल्वरने अशी ठोकली की कुत्रं टेबलाखाली पळालं, आणि ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

सोमवारी त्याचं जहाज होतं. निरोपाला तिने खमिराची बाटली पुढे केली. शेजाऱ्याने दिलेलं खमीर नाकारणं हा तिथे अपमान. त्याने बाटली तिच्याच मुठीत परत दिली, तसा तिचा चेहरा उतरला.

"नेलं तर मागायला यायचं कारण उरणार नाही," तो होडीत चढत म्हणाला. "ईस्टरपर्यंत तूच जप."

ती पावसात धक्क्याच्या टोकापर्यंत गेली.

"कारण नकोय मला, हाल्वर... तू हवा आहेस."

तो होडीतून उतरला. बराच वेळ तिला मिठीत घेऊन उभा राहिला, आणि मग पुन्हा चढला. ईस्टर चार महिन्यांवर होता.