आतल्या खोलीतला माइक

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत संघपाल आणि त्याची बायको नीलम राहत होते. संघपाल सरकारी कचेरीत कारकून, पण जीव सगळा गिटारीत. बुद्ध पौर्णिमेला विहारात लावायचं एक गाणं त्याच्या मित्रमंडळींनी बसवलं होतं. त्यातली गिटार तेवढी घरी रेकॉर्ड करायची राहिली होती.

मे महिन्यातल्या दुपारी ती गल्ली मेल्यासारखी पडते. दुचाक्यांचा आवाजही थांबतो. म्हणून त्यानं हीच वेळ धरली. आतल्या खोलीत गिटारीचा आवाज काढणारा अॅम्प्लिफायर ठेवला, त्याच्या तोंडाशी माइक उभा केला, खिडकीला दोन गोधड्या अडकवल्या. मधलं दार लोटून स्वतः गिटार घेऊन बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे हेडफोन लावून बसला. कूलरची घरघर माइक पकडतो, म्हणून तोही बंद. अंगाला नुसत्या धारा.

पहिल्यांदा वाजवलं तर आवाज बसका आला. माइक बोटभर सरकवायला हवा होता, आणि ते काम एकट्याचं नव्हे. एकानं आत सरकवायचं, दुसऱ्यानं बाहेर ऐकायचं. त्यानं नीलमला बोलावलं. स्वयंपाकघरात ती वर्षाचा गहू निवडत बसली होती. सूप ठेवून आली, आत गेली, दार लावून घेतलं.

हेडफोनमध्ये तिच्या बांगड्या किणकिणल्या. स्टँड फरशीवर खरडला. संघपाल तार छेडत ओरडून सांगत होता, जरा डावीकडे, अजून जरा. तेवढ्यात त्याला श्वास ऐकू आला. तिचाच असेल, त्याला वाटलं. पण श्वास दोन होते. एक माइकजवळ, आणि दुसरा मागे, भिंतीपाशी. पहिला थांबला की दुसरा सुरू व्हायचा... अगदी तसाच, जणू कोणी शिकून घेत होतं.

त्याची बोटं तारांवरच राहिली. त्यानं तिला बाहेर ये म्हणून हाक दिली.

दार उघडलं. नीलम बाहेर आली, दार ओढून घेतलं, पदरानं कपाळ पुसलं आणि परत गव्हाशी जाऊन बसली. संघपालला हायसं वाटलं.

मग हेडफोनमध्ये बांगड्या वाजल्या.

"झालं का वो?" नीलमचाच आवाज, माइकच्या अगदी जवळून. "येऊ का बाहेर?"

त्यानं मान वळवली. स्वयंपाकघरात नीलम खाली मान घालून खडे वेचत होती.

हेडफोन फेकून तो आत धावला. कोंडलेली गरम हवा, अॅम्पचा लाल दिवा, माइक, गोधड्या. पलंगाखाली कोणी नाही, कपाटात कोणी नाही. बाहेर येऊन त्यानं हेडफोन पुन्हा कानाला लावले.

"तुमी आता अंदर आल्ते ना..." ती रडवेली झाली होती. "मी समोरच उभी होती. मले काहून नाई बोलले?"

त्यानं नीलमच्या भावाला, धर्मपालला फोन केला. तो अकोल्याहून सांजेपर्यंत आला. नीलमनं त्याला पाणी दिलं, भावजयीची विचारपूस केली. ती उठून स्वयंपाकघरात गेल्यावर संघपालनं त्याच्या कानाला हेडफोन लावले. धर्मपाल बराच वेळ ऐकत राहिला. आतल्या खोलीतून नीलमच्याच आवाजात कोणी त्याला त्याच्या लहानपणीच्या नावानं हाका मारत होतं. ते नाव घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

"ताई अंदर हाय, भाऊजी," तो कसाबसा म्हणाला.

दोघांनी मिळून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं, फक्त माइक ठेवला. आवाज तिथंच होता, बाहेर मात्र कोणी आलं नाही. पाण्याच्या गिलासाला हातही न लावता धर्मपाल शेवटच्या बसनं निघून गेला. जाताना त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

विहारात गाणं गिटारीशिवायच लागलं. संघपालनं माइक आजवर बंद केलेला नाही. कचेरीतून आला की तो हेडफोन लावून बसतो. आत तांब्या भरून ठेवतो, कारण ती तहान लागली म्हणते. तांब्यातलं पाणी कमी होत नाही. आवाज मात्र रोज थोडा बारीक होत चालला आहे.

बाहेरची नीलम घर नीट सांभाळते. या गोष्टीबद्दल तिनं कधी एक शब्द विचारला नव्हता. परवा मात्र चहाचा कप ठेवून ती क्षणभर त्याच्यापाशी थांबली. मग वाकून, हलक्या आवाजात म्हणाली,

"अजून बोलून राह्यली का थे...?"