बटण कुठे आहे?

पडद्यावर खुर्च्या दिसायला हव्या होत्या. दिसले ते कंपनीचे मोठे साहेब, तोंड वासून घोरत पडलेले. एका रांगेत चार साहेब, प्रत्येकाखाली ‘खरेदी करा’.

इंटरनेटवर चालणारी ॲप्स उभारण्याचा प्लॅटफॉर्म ही कंपनी बनवायची, आणि सभागृहात गिऱ्हाइकांना नवी आवृत्ती दाखवायचा तो दिवस होता. नमुन्यासाठी केलेल्या फर्निचरच्या दुकानातली सगळी चित्रं कुणीतरी बदलली होती. बडी गिऱ्हाइकं आधी गालात हसली, मग खो खो हसली आणि निघून गेली. साहेबांनी सगळ्यांदेखत ती आवृत्ती बनवणाऱ्या इंजिनियर मुलीकडे बोट दाखवलं.

“हिचंच काम! उद्यापासून येऊ नकोस. या धंद्यात तुला कोण नोकरी देतं तेच बघतो!”

पण गिऱ्हाइकांना खुलासा हवा होता, म्हणून घारबाईंना बोलावणं गेलं. पोलिसातून निवृत्त झालेल्या या बाईंचं खरं नाव त्यांच्या नजरेपुढे कुणाच्या लक्षात राहत नसे.

“नव्या आवृत्तीत नवीन काय?” त्यांनी इंजिनियरला विचारलं.

“चित्र टाकायचं बटणच काढून टाकलं. चित्र माउसने ओढायचं आणि पानावर सोडायचं.”

“हे कुणाला माहीत होतं?”

“मला आणि साहेबांना. बाकी कुणाला दाखवायचं नाही, असा त्यांचाच हुकूम.”

“पासवर्ड?”

ती ओशाळली. “स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती. साहेब ऐन वेळी विसरतात.”

“मग खुर्च्या लगेच परत का नाही आणल्यास?”

“पुसलेलं परत आणायची सोय अर्धवट होती. मी मुदत मागितली, पण साहेबांच्या मेव्हण्यांनी गिऱ्हाइकांना तारीख देऊन टाकलेली. विक्रीचं तेच बघतात. साहेब त्यांना भर मीटिंगमध्ये बोलले, ‘तोंडाची वाफ दवडण्याआधी हिला विचारत जा.’ तारीख मात्र तीच ठेवली. सोय गाळायला लावली.” तिने मूठ आवळली. “बाई, मला रडू येत नाहीये. संताप येतोय. ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही.”

घारबाईंना पोरगी आवडली.

मग त्यांनी ते चित्र निरखलं. साहेब आरामखुर्चीत, पाय लांब केलेले, पाय अनवाणी. घारबाई नुसत्या ‘हं’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच सभागृहात, त्याच मशीनवर एकेकाला बसवलं. काम एकच: पानावर खुर्चीचं चित्र टाका.

हिशेबनीस शोध शोध शोधून म्हणाले, “बटण कुठंय?” स्वागतिका म्हणाली, “अय्या, बटण गायब!” जाहिराती लिहिणारा तर मशीनलाच शिव्या देऊन उठला.

शेवटी मेव्हणे आले. “मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी विकतो, बनवत नाही. नवी आवृत्ती मी पाहिलेलीसुद्धा नाही.”

“बघा प्रयत्न करून,” घारबाई म्हणाल्या. “साहेब मात्र म्हणत होते, तुमच्यापेक्षा ती मुलगी दहापट कामाची.”

मेव्हण्यांचे कान लाल झाले. “भाऊजींना काय कळतं? गिऱ्हाईक आणतो मी, आणि कालची पोरगी मला अक्कल शिकवणार? सगळ्यांसमोर?”

जीभ भांडत होती, हात आपलं काम करत होता. त्याने चित्र उचललं, ओढलं, पानावर सोडलं.

“छान!” घारबाई म्हणाल्या. “तुम्ही बटण नाही शोधलंत?”

मेव्हण्यांनी माउसवरचा हात झटकन मागे घेतला.

साहेब आणि इंजिनियर दाराशीच उभे होते. घारबाई साहेबांकडे वळल्या. “फोटोत तुमच्या पायात बूट नाहीत. ऑफिसात कधी बूट काढता?”

“छे. तो घरचा फोटो आहे.”

“ही मुलगी कधी तुमच्या घरी आलीय?”

“नाही.”

“आणि मेव्हणे?”

“दर रविवारी. त्याच्या ताईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे जेवायला.”

“तिथे तुम्ही त्या दिवसाच्या भाषणाची तालीम केलीत?”

साहेबांचा चेहरा पडला. “केली. हा शेजारीच बसला होता.”

“तिथेच ओढायची युक्ती यांनी पाहिली, आणि तुम्ही डुलकी काढलीत तेव्हा फोटोही काढला. सभागृहाची मांडामांड यांच्याकडे, चिठ्ठीवरचा पासवर्ड डोळ्यांसमोर. मीटिंगमधल्या अपमानाचा डूख धरला होता. एका दगडात दोन पक्षी: तुमची फजिती आणि हिची हकालपट्टी.”

“मग काय करू?” मेव्हणे ओरडले. “भाऊजी, तुम्ही नोकरांपुढे माझी लाज काढलीत!”

साहेब घाम पुसत म्हणाले, “घरातलं माणूस आहे. आपसात मिटवू.”

“माझी अब्रू आपसात काढली होतीत का?” इंजिनियरने विचारलं. “तीच माणसं बोलवा. जिथे घालवलीत तिथेच परत द्या. नाहीतर बाईंनी आत्ता सांगितलेलं मीच त्यांना सांगते.”

साहेबांना हो म्हणावंच लागलं. त्याच आठवड्यात तीच गिऱ्हाइकं त्याच खुर्च्यांवर बसली. साहेबांनी मान खाली घालून माफी मागितली. मेव्हणे मागच्या रांगेत, ताईशेजारी बसले होते. ताई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

मग इंजिनियरने कंपनीचं ‘आमची माणसं’ हे पान उघडलं. मेव्हण्यांचा हसरा फोटो माउसने उचलला, सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असा ओढला आणि कचरापेटीत सोडला. या वेळी गिऱ्हाइकं आधी गालात हसली नाहीत, थेट खो खो हसली.

साहेब तिच्या कानाशी कुजबुजले, “अगं, परत आणता येईल ना तो?”

“नाही, साहेब,” ती माइकमध्येच म्हणाली. “ती सोय तुम्ही गाळायला लावली होती.”