भोंग्याचा स्क्रू कोणी फिरवला?

"चार दिवस भोंगा गप्प आहे," मीटर म्हणाली. गळ्यात सदा व्होल्टमीटर लटकवून फिरे, म्हणून तिला सगळे मीटरच म्हणत.

"मग सत्कार करायचा त्याचा?" तिच्या धाकट्या भावाने, गुंड्याने, जांभई दिली. "तीन आठवडे कान किटवले त्याने! आत्याची दशा बघ!"

आत्या स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती. उबवणी यंत्रात तिची दोनशे अंडी होती. उद्या पिल्लं बाहेर येणार होती आणि सकाळपासून वीज नव्हती. यंत्र बॅटरीवर चाललं होतं. बॅटरी साडेअकरा व्होल्टच्या खाली उतरली की भोंगा वाजावा, म्हणून दोघांनी सुट्टी लागताच सर्किट बसवलं होतं. त्यातल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे चिमुकल्या संगणकाला, व्होल्टेज पुरेसं आहे का, याचं फक्त 'हो' किंवा 'नाही' कळे. सीमारेषा ठरवायचा एक बारीक स्क्रू. पण रोजच्या वीजकपातीत हीटर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर घसरे आणि भोंगा उगाच बोंबले.

यंत्राचा दिवा आज मिणमिणता होता. मीटरने गळ्यातला मीटर काढून तारा बॅटरीला टेकवल्या.

"अकरा पॉइंट एक! गुंड्या, हा वाजायला हवा होता!"

तिने सर्किटची डबी उघडली. स्क्रूवरून त्याच्या कडेपर्यंत तिने नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली होती. ती आता मधोमध तुटली होती. कोणीतरी स्क्रू फिरवला होता!

"मी हातसुद्धा लावला नाही!" दारातून शेजारच्या गॅरेजचे काका म्हणाले.

"काका, मी अजून काही विचारलंच नाही."

काकांनी मान खाली घातली. "आत्याला झोप मिळावी म्हणून... जरासा फिरवला."

"जरासा? आता बॅटरी मेली तरी हा वाजणार नाही!"

आत्या खडबडून उठली. "अगं, माझी अंडी!"

सगळ्यांचे डोळे दाराबाहेर उभ्या असलेल्या काकांच्या जीपकडे वळले.

"अरे, बॅटरी काढली तर मी घरी कसा जाऊ?"

"चालत!" गुंड्या ओरडला.

पाच मिनिटांत जीपची बॅटरी यंत्राला लागली. मीटरने लाल रेघ जुळवली आणि प्रोग्राम बदलला: दहा सेकंद सलग 'नाही' आलं, तरच बोंबल. हीटर सुरू झाला. भोंगा गप्प! मग तिने सर्किटला जुनी, उतरलेली बॅटरी जोडली. सगळ्यांनी दहा आकडे मोजले आणि भोंगा केकाटला.

"शाब्बास!" काका म्हणाले. "यापुढे स्क्रूला हात लावायचा तर तुला विचारून."

आत्याने दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाटेवर अंग टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंड्याने तिला हलवलं. "आत्या, ऊठ!"

"भोंगा वाजला का?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"नाही गं! पिल्लू वाजतंय!"